मधला स्पीकर

हदगावकर बाईंचं कुणाशी पटायचं नाही. मुख्याध्यापकांशी नाही, शेजाऱ्यांशी नाही, सख्ख्या लेकीशीसुद्धा नाही. नांदेडच्या आमच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या आणि मी भूगोल. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी होती, कारण तिथं बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं. मी नवीन होते, मला कुणी विचारलंच नाही.

वर्गात त्या फळ्यापाशी उभ्या राहत नसत. शेवटच्या बाकामागं भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि पहिल्या बाकावरच्या पोराला धडा वाचायला लावायच्या. आवाज तिथवर पोचला नाही की म्हणायच्या, "शब्द गिळू नको रे. गिळायला घरी भाकरी हाय." एरवी त्यांची मराठी पुस्तकासारखी शुद्ध, पण चिडल्या की बोलण्यात माहेर यायचं. किनवटकडची एक मुलगी होती, वसतिगृहात राहणारी, नजर वर करून न बोलणारी. बाईंनी तिला रोज वाचायला लावलं. ती रोज रडायची. मी एकदा म्हटलं, "बाई, सोडा ना तिला." तर म्हणाल्या, "सोडलं तर आयुष्यभर तिला लोक 'काय म्हणालीस?' विचारत राहतील. नंतर तेही विचारणार नाहीत." वर्षाअखेर ती मुलगी खणखणीत वाचायला लागली. पण निरोप समारंभाला ती सगळ्यांच्या पाया पडली आणि बाईंना टाळून पुढं गेली. बाईंनी ते पाहिलं. म्हणाल्या, "चांगलं झालं. पाठ ताठ राहिली तिची."

अशा बाईला सिनेमाचं वेड असेल असं कुणाला वाटलं नसतं. आणि खरं सांगायचं तर वेड त्यांचं नव्हतंच. ते अण्णांचं होतं.

अण्णा म्हणजे त्यांचे यजमान. जिल्हा परिषदेत नोकरी केलेले, किरकोळ अंगाचे, कुणी धक्का दिला तरी स्वतःच माफी मागतील असे. नोकरीत असतानाच काचबिंदूनं त्यांची नजर जायला लागली होती. मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा समोर माणूस आहे एवढं कळायचं, पुढं तेही गेलं. हातात काठी घेतली नाही त्यांनी. बाईंचा डावा कोपर धरायचे आणि बाई अशा चालायच्या, की पाहणाऱ्याला वाटावं, हाच माणूस बाईंना रस्ता दाखवतोय.

दर रविवारी दुपारच्या शोला दोघं जायचे. टॉकीजचं नाव मी लिहीत नाही. तशा टॉकीज बऱ्याच आहेत, ज्याला ओळखायची तो ओळखेल. नजर गेल्यावर लोकांना वाटलं, आता थांबतील. अण्णा थांबले नाहीत. बाईंनी सुरुवातीला कानाशी लागून सांगून पाहिलं, आता तो दार उघडतोय, आता ती मागं वळली. अण्णांनी हात दाबला. "सांगू नको. मला ऐकू दे."

मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. सिनेमा संपल्यावर बाजूच्या हॉटेलात चहा घ्यायचा हा त्यांचा रिवाज, आणि चहा येईपर्यंत अण्णांनी आत्ताच पाहिलेला सिनेमा सांगायचा हाही. त्या दिवशी ते सांगत होते, "पोरगी घर सोडून निघाली तेव्हा बापानं वर पाहिलंच नाही. पेपराचं पान उलटलं त्यानं. उंबऱ्यापाशी ती थांबली, चप्पल घातली, तरी नाही पाहिलं. लई वाईट उलटलं पान." मी दोन डोळ्यांनी पाहिला होता तो प्रसंग. मला बाप दिसला होता, मुलगी दिसली होती, पान दिसलं नव्हतं. मग अण्णा म्हणाले, "हिरवी साडी होती तिची." बाई म्हणाल्या, "निळी होती." अण्णा म्हणाले, "तुझी निळी असंल. माझी हिरवी." आणि बाई हसल्या. शाळेत इतकी वर्षं शेजारी बसून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

पुढं त्या टॉकीजचं नूतनीकरण झालं. एकाच्या दोन स्क्रीन झाल्या, लाल खुर्च्या आल्या, पॉपकॉर्नची काचेची पेटी आली, तिकीट महाग झालं. उद्‍घाटनाला पुढारी आले. थोडे दिवस सगळं झकास होतं. मग एका रविवारी पडद्यामागचा मधला स्पीकर गेला.

सिनेमातलं बोलणं त्या मधल्या स्पीकरमधून येतं आणि गाणी, मारामारी, ढोलताशे बाजूच्या भिंतींवरच्या स्पीकरमधून. हे मलाही तेव्हाच कळलं. त्यामुळं झालं असं, की गाण्यात कानठळ्या बसायच्या आणि माणसं बोलायला लागली की पोत्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटायचं. डोळस माणसाचं भागतं. ओठ हलताना दिसतात, चेहरा दिसतो, उरलेलं आपण भरून घेतो. अण्णांकडं भरायला काही नव्हतं.

बाई मध्यंतरात मॅनेजरकडं गेल्या. मॅनेजर अन्वरभाई, वडिलांपासून त्याच टॉकीजमध्ये असलेला माणूस. त्यांची पोरं-पुतणी बाईंच्याच शाळेत, त्यामुळं ते अदबीनं उठून उभे राहिले.

"आइए बाईसाब. चहा सांगू?"

"चहा नको, शब्द पाहिजेत. आत कोण काय बोलून राहिलंय, कळत नाही."

"मधला स्पीकर जळालाय बाई. मालकांना सांगून सांगून मी थकलो."

"काय म्हणतात मालक?"

अन्वरभाईंनी इकडंतिकडं पाहिलं. "म्हणतात, पब्लिकला आवाज पाहिजे, शब्द नको."

मग त्यांची नजर बाकावर बसलेल्या अण्णांकडं गेली. काळा चष्मा, मांडीवर हात, मान किंचित एका बाजूला. अन्वरभाई हळू आवाजात म्हणाले, "साहेबांसाठी म्हणून मी पुन्हा एकदा मालकांशी..."

"साहेबांचं नाव काढायचं नाही," बाई ताडकन म्हणाल्या. "त्यांच्यासाठी म्हणून नको. मी तिकीट काढलंय म्हणून करा. हॉलमधल्या सगळ्यांनी काढलंय म्हणून करा."

त्यांचं सगळं भांडण या एका वाक्यावर उभं होतं. नवरा आंधळा आहे असं एकदा म्हटलं असतं, तर कदाचित कुणाला तरी पाझर फुटला असता. त्या म्हणाल्या नाहीत. दया मागून मिळालेला आवाज त्यांना नको होता.

पुढच्या रविवारी स्पीकर तसाच होता. सिनेमा सुरू झाला, आई-मुलाचं काहीतरी नाजूक बोलणं चाललं होतं, आणि बाई उभ्या राहिल्या. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज.

"ऐकू येत नाहीये!"

मग मागून कुणी ओरडलं, "मावशी, कान तपासून घ्या!" हशा पिकला. दुसरा म्हणाला, "बाई, आता तुम्ही शब्द गिळा की!" हा नक्की बाईंचाच विद्यार्थी असणार. त्यावर तर लोक शिट्ट्या मारायला लागले. अण्णा त्यांच्या पदराला धरून खाली ओढत होते. "बस गं. बस ना."

त्या बसल्या नाहीत. गाणं लागेपर्यंत उभ्या होत्या.

मला वाटलं, संपलं. पण त्या दर रविवारी जात राहिल्या आणि दर रविवारी एकदा तरी उठून उभ्या राहत राहिल्या. गावात त्यांना 'ऐकू येत नाही बाई' असं नाव पडलं. शाळेच्या मागच्या भिंतीवर कुणी खडूनं ते लिहिलं. मुख्याध्यापकांनी बोलावून समजावलं, की शाळेची शोभा होते. बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही पण त्याच टॉकीजला जाता. तुम्हाला येतं का ऐकू?" सर म्हणाले, "नाही येत स्पष्ट, पण आपण काय, दोन घटका करमणूक." बाई म्हणाल्या, "मग माझी नाही, तुमची शोभा होते."

मीही त्यांना म्हटलं होतं, "बाई, त्रास होतो तर जाऊ नका ना."

"का म्हणून? मी घरी बसले की त्या मालकाचं बरोबर ठरतं."

हे भांडण चालू असताना हॉटेलातल्या टेबलावर काय होत होतं, ते मी पुन्हा एकदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा पाहिलं. चहा आला. अण्णा कप हातात धरून गप्प बसले. बाईंनी विचारलं, "मग? काय झालं सिनेमात?" अण्णा म्हणाले, "ठीक होता." पुन्हा म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्यानं शेवटी काय केलं?" अण्णा म्हणाले, "म्हातारा होता होय त्यात?"

बाईंनी कप बशीत ठेवला आणि भिंतीकडं पाहत बसल्या.

मग लातूरच्या लेकीनं, वैशालीनं, फेसबुकवर एक पोस्ट लिहिली. आईशी तिचं बोलणं बेताचंच, पण बापावर जीव. तिनं मनापासून लिहिलं होतं, की माझे बाबा पाहू शकत नाहीत, ते सिनेमा कानांनी पाहतात, आणि माझी आई त्यांच्यासाठी एकटी लढते आहे. सोबत दोघांचा जुना फोटो. पोस्ट पसरली. नांदेडात ज्यांनी शिट्ट्या मारल्या होत्या, त्यांनीही ती डोळे पुसत पुढं पाठवली असणार.

बाईंनी लेकीला फोन केला. मी तिथंच होते. "तुला कुणी सांगितलं होतं आमचं दुःख वाटायला?" एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

टॉकीजचे मालक मात्र खूश झाले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. सभा-संमेलनांत पहिल्या रांगेत बसणारा माणूस. ते स्वतः घरी आले, पेढे घेऊन. अण्णांचे हात हातात घेऊन म्हणाले, "अण्णासाहेब, तुमच्यासारखा रसिक आमच्याकडे येतो आणि आम्हाला माहीतच नाही! तुमचा सत्कार करू द्या." बाई म्हणाल्या, "सत्कार नको, स्पीकर बसवा." भाऊसाहेब मोकळेपणानं हसले. "बाई, ते पण होईल की. आधी मोठ्या मनानं हे तर घ्या." अण्णांना कुणाला नाही म्हणणं कधी जमलं नव्हतं. ते म्हणाले, "बरं."

सत्कार टॉकीजमध्येच झाला, सकाळच्या शोच्या आधी. पडद्यासमोर टेबल, फुलं, पत्रकार. अण्णांना शाल, श्रीफळ आणि दोघांसाठी आजन्म मोफत पास. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, इकडं बघा, कॅमेऱ्याकडं." अण्णा आवाजाच्या दिशेनं वळले, ती दिशा चुकीची होती, आणि भाऊसाहेबांनी त्यांची हनुवटी धरून नीट केली. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना स्टेजवर बोलावलं, त्या उठल्या नाहीत.

मग सत्कारमूर्तींसाठी म्हणून सिनेमा दाखवला. मधला स्पीकर जळलेलाच होता. कार्यक्रमाला आलेली सगळी प्रतिष्ठित मंडळी ती बोंब शांतपणे ऐकत बसली. मध्यंतरात भाऊसाहेब अण्णांपाशी आले, मागं पत्रकार. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "काय अण्णासाहेब, कसा वाटून राहिला पिक्चर?"

अण्णा म्हणाले, "फार छान."

"ऐकू येतंय ना सगळं?"

"हाव. येतंय की."

मी बाईंकडं पाहिलं. त्या बसल्या जागी लहान झाल्यासारख्या दिसल्या. लोकांच्या हशानं त्यांचं काही वाकडं झालं नव्हतं. ते अण्णांच्या या उत्तरानं झालं.

घरी जाताना रिक्षात मी त्यांच्याबरोबर होते. बाई म्हणाल्या, "खोटं का बोललात?"

अण्णा मांडीवरच्या शालीची घडी हातानं चाचपत होते. म्हणाले, "एवढी शाल दिली त्यानं. चार लोकांत काय म्हणू?"

"माझं काय झालं त्या चार लोकांत?"

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली लिहिलं होतं, की टॉकीजच्या उत्तम ध्वनिव्यवस्थेबद्दल अंध रसिकानं समाधान व्यक्त केलं.

त्यानंतर अण्णांनी सिनेमाला जाणं सोडलं. भांडून नाही, त्यांच्या पद्धतीनं. रविवारी म्हणायचे, आज पाय दुखतात. पुढच्या रविवारी म्हणायचे, आज ऊन फार आहे. शेवटी म्हणाले, "मला आता पिक्चरचा कंटाळा येतो गं." बाई एकट्या जायच्या. पास दाखवायच्या नाहीत, रांगेत उभं राहून तिकीट काढायच्या, आत जाऊन एकदा उभ्या राहायच्या आणि ओरडायच्या. आता कुणी हसतही नव्हतं. लोक त्यांच्या आवाजाला सरावले, जसे त्या स्पीकरला सरावले होते.

अण्णा थंडीत गेले, झोपेतच. मी चौथ्या-पाचव्या दिवशी भेटायला गेले तर बाई चप्पल घालून दारातच उभ्या. म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर." टॉकीजवर गेलो. दर्शनी भिंतीवर भलंमोठं फ्लेक्स लागलं होतं. भावपूर्ण श्रद्धांजली. सत्काराच्या दिवशीचा फोटो, शाल पांघरलेले अण्णा आणि त्यांच्यापेक्षा मोठे, हात जोडलेले भाऊसाहेब. खाली पुढच्या शुक्रवारच्या सिनेमाची जाहिरात.

अन्वरभाई बाहेर आले. बाई नुसतं वर पाहत उभ्या राहिल्या. अन्वरभाईंनी आतून शिडी आणवली, या वयात स्वतः चढले आणि दोऱ्या कापल्या. फ्लेक्स फडफडत खाली आलं. मी म्हटलं, "मालक विचारतील ना तुम्हाला."

"पूछने दो. वारा आला होता म्हणून सांगतो." मग बाईंकडं न पाहता म्हणाले, "बाईसाब, माफ करा. माझ्या हातात शिडीच होती फक्त."

बाईंनी फ्लेक्सची गुंडाळी केली आणि काखेत घेऊन निघाल्या. पुढं तिचं काय केलं, मला माहीत नाही.

निवृत्तीनंतर नांदेडचं घर विकून त्या लातूरला वैशालीकडं गेल्या. त्यांनी आपण होऊन जाण्याचा निर्णय घेतला, याचंच मला नवल वाटलं होतं. परवा बोर्डाच्या कामासाठी लातूरला गेले होते तेव्हा औसा रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटवर गेले. वैशालीनं दार उघडलं आणि कुजबुजत म्हणाली, "मावशी, बरं झालं आलात. आईला जरा बाहेर काढा. माझ्याशी 'हो' आणि 'नको' एवढंच बोलते." तिनंच मोबाइलवर आम्हा दोघींची सिनेमाची तिकिटं काढून दिली. मला वाटलं, बाई नाही म्हणतील. त्या उठून साडी बदलून आल्या.

थिएटर नवं होतं, चकचकीत. आत बसलो, दिवे गेले. सिनेमात एक बाई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. सुपातला तांदूळ सरकल्याचा आवाज आला, एक खडा ताटलीत पडल्याचा आला. मग आमच्या मागून कुठून तरी पावलं आल्यासारखी वाटली, दार कुरकुरलं, आणि एक पुरुष अगदी हळू, जवळजवळ श्वासात म्हणाला, "जेवलीस का?" मागच्या रांगेपर्यंत प्रत्येक अक्षर गेलं असेल.

बाई उठल्या. मला वाटलं, सवयीनं ओरडणार. मी त्यांचा हात धरायला गेले. त्या काही न बोलता खुर्च्यांच्या मधून वाट काढत बाहेर गेल्या. मी मागोमाग गेले. बाहेरच्या सोफ्यावर पर्स मांडीवर धरून ताठ बसल्या होत्या.

"काय झालं बाई? आवाज..."

"आवाज चांगला आहे."

मी शेजारी बसले. समोर पॉपकॉर्न फुटत होतं. मग त्या बोलायला लागल्या, माझ्याशी की स्वतःशी, कळलं नाही.

"वैशाली बोलावत होती. नेहमी बोलवायची. म्हणायची, बाबांना इकडं घेऊन ये, इथलं थिएटर चांगलं आहे, मी नेते त्यांना. हे पण एकदा म्हणाले होते, जाऊन येऊ या का. मीच म्हटलं, नांदेडात राहतो तर नांदेडातच ऐकू आलं पाहिजे. पळून कशाला जायचं." त्यांनी पर्सची चेन उघडून पुन्हा लावली. "तीन तासांवर होतं, संध्या. एस.टी.नं तीन तास."

मी काही म्हणायचं म्हणून म्हटलं, "तुम्ही बरोबरच होता बाई."

"होते ना. ते कुठं नाही म्हणते मी."

आम्ही परत आत गेलो नाही. रिक्षानं घरी आलो. जिना चढताना मी हात पुढं केला, तो त्यांनी धरला नाही, कठड्याला धरून चढल्या. वैशालीनं दार उघडलं. एवढ्या लवकर कशा आलात, असं तिच्या तोंडावर आलं होतं. पण आईचा चेहरा पाहून तिनं ते गिळलं. भीतभीत म्हणाली, "आवडला का गं आई?"

बाई तिच्यासमोर थांबल्या. काहीतरी सांगायचं होतं त्यांना. लेक वाट पाहत होती, मीही पाहत होते.

"काही नाही," त्या इतक्या हळू म्हणाल्या की वैशालीला ते कळलंच नाही. ती पुढं वाकून म्हणाली, "काय म्हणालीस?"

बाईंनी चपला काढून एका बाजूला लावल्या आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.